म्हातारी, गाढव आणि दोनशे चौदा नावं

३ जून

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण या खोलीत आडवं व्हायला जागा एकाच माणसापुरती आहे आणि तिथे आत्ता माझा रूममेट घोरतोय. तेव्हा बसल्या बसल्याच नमस्कार घे.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर तू 'बघते' म्हणतेस आणि बघत नाहीस. आणि मी फोनवर बोलता बोलता कुठच्या कुठे जातो. कागदावर निदान मागे वळून बघता येतं, गाडी नेमकी कुठे घसरली ते.

बातमी अशी, की मला गेम बनवणाऱ्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय. एका म्हणजे तुझ्याच. तू सहा वर्षं होतीस ती. हरवलेलं गाढव शोधत डोंगरावरच्या गावात फिरणाऱ्या म्हातारीचा गेम ज्यांनी केला, ती. जागा ज्युनियर लेव्हल डिझायनरची आहे. खेळणारा जिथून चालतो त्या गल्ल्या, घरं, जिने रचायचे, असं जाहिरातीत लिहिलंय. मी त्यांना माझा कपाटाचा गेम पाठवला होता. तू बघितला नाहीयेस. दोन माणसं एक कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली आणतात, एक पुढे, एक मागे, आणि प्रत्येक वळणावर दोघांचं वाजतं. सामान हलवणाऱ्यांकडे चार महिने होतो तेव्हा सुचला. (तिथला मुकादम शिट्टीवर हुकूम द्यायचा, एक शिट्टी म्हणजे उचला, दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. असो.) पंधरा मिनिटांत संपतो. मी आयुष्यात पूर्ण केलेली ही एकच गोष्ट. कॉलेजचं काय झालं ते तुला माहीत आहे, आईने सगळ्यांना सांगितलेलंच आहे.

ताई, ही जागा मला हवी आहे. मी आजवर कशाबद्दल असं म्हटल्याचं तुला आठवतंय का? मला नाही आठवत.

तर सांग. ते काय विचारतात, कपडे काय घालायचे, कुठे गप्प बसायचं. आणि तिथे तुझ्या ओळखीचं कोणी असेल तर एक शब्द टाक ना.

मामांना नमस्कार. मामीला सांग, वजन वाढलंय.

तुझा,
भिंगरी

---

९ जून

भिंगरीस,

वजन वाढलंय ही थाप आहे, आईने लगेच ओळखली.

कपडे रोजचे घाल, फक्त धुतलेले. माझ्या वेळी एक मुलगा टाय लावून आला होता, त्याला दारातल्याने विमा विकणारा समजून परत पाठवला.

पहिल्यांदा फोनवर बोलतील. कुठले गेम खेळतोस विचारतील. वीस नावांची माळ लावू नकोस. एकच सांग, पण त्यात कुठे अडकलास, कुठे सोडून दिलास आणि का, ते सांग. त्यांना तेच हवं असतं. फसलेलं काम विचारतील. 'मी फार मेहनत करतो हाच माझा दोष' असलं काही बोललास तर फोन ठेवतील, आणि ठेवावाच. मग घरी करायला एक काम देतील. ते पूर्ण कर. अर्ध्या राजवाड्यापेक्षा अख्खी झोपडी बरी. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेव, तुझी गरज आहे ती.

सगळ्यात शेवटी विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का. 'नाही' म्हणायचं नाही. काहीतरी कामाचं विचारायचं. कँटीन आणि सुट्ट्या सोडून.

शब्द टाकणार नाही. आणि तूही माझं नाव तिथे काढू नकोस. वशिल्याने आलेल्या माणसाची पहिली चूक झाली की आधी वशिल्याची आठवण निघते. मला तिथला कंटाळा आला म्हणून मी सोडलं, तो विषय संपला. आता घरी बसून शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, बेडकाचं हृदय वगैरे. बरं चाललंय.

बाबांचा डावा हात अजून ऐकत नाही. जीभ मात्र पूर्वीसारखी. पलंगावरून खुर्चीत बसवताना मला म्हणाले, 'तुझ्यापेक्षा पोतं उचलणारे बरे, ते निदान पोत्याला बोलत नाहीत.'

ताई

---

२१ जून

ताई,

फोन झाला. बाई गोड बोलत होत्या, पण मध्ये मध्ये टाइप केल्याचा आवाज येत होता, त्यामुळे आपण जबानी देतोय असं वाटत होतं. फसलेलं काम विचारलंच. मी म्हटलं, कपाटाच्या गेममध्ये आधी मांजर होतं. ते पायात यायचं आणि सगळे मांजराकडेच बघत बसायचे, कपाट तिसऱ्या मजल्यावरच राहायचं. दोन महिने खपून केलेलं मांजर मी काढून टाकलं. त्या म्हणाल्या, वाईट नाही वाटलं? म्हटलं, अजून वाटतं. टायपिंग थांबलं.

आता घरचं काम आलंय. म्हातारीला विहिरीपासून एका घराच्या गच्चीपर्यंत न्यायचं. पाटी नाही, बाण नाही, एक अक्षर लिहायचं नाही, तरी कुठे जायचं ते खेळणाऱ्याला आपलं आपण कळलं पाहिजे. मुदत तीन दिवस. पहिला दिवस संपला आणि माझ्याकडे एक कुंभाराचं दुकान तयार आहे. त्रेचाळीस मडकी, प्रत्येक वेगळं फुटतं. रस्ता अजून नाही. बोलू नकोस, मला कळलंय.

पण पत्र त्यासाठी नाही. तयारी म्हणून मी त्यांचा गेम पुन्हा पहिल्यापासून खेळलो, अकरा तास. सातव्या भागात तो लांबलचक जिना आहे ना, तो मागच्या वेळी मी धावत चढून गेलो होतो. या वेळी मधल्या कट्ट्यावर मी काडेपेटी शोधायला उठलो, बटणावरचा हात निघाला, आणि येऊन बघतो तर म्हातारी बसली होती. दम खात. तिच्यासमोर अख्खं गाव खाली पसरलेलं आणि दूर एका छपरावर मुंगीएवढं गाढव. जो थांबेल त्यालाच दिसेल, घाईवाल्याला नाही. ताई, तो जिना तुझा आहे. मला कोणी सांगायची गरज नाही.

मग गेम संपला आणि शेवटी नावं वर सरकायला लागली. मी तुझ्यासाठी बसून राहिलो. मोजली, दोनशे चौदा. कँटीनच्या आचाऱ्याचं आहे. कोणाच्या तरी कुत्र्याचं आहे. तुझं नाही. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं.

का नाही?

भिंगरी

---

२६ जून

भिंगरीस,

तुझं पत्र हाती आलं तेव्हाच तुझे तीन दिवस उलटून गेले होते. मडक्यांचा मोह सुटला असेल अशी आशा. माणूस हलणाऱ्या गोष्टीकडे जातो आणि एकट्या पडलेल्या रंगाकडे जातो, हे तुला सुचलं असेल तर निभावलं.

नावाचं सांगते, एकदाच. तिथे नियम आहे. गेम बाहेर पडायच्या दिवशी जो पगारावर असेल, त्याचं नाव लागतं. जो आधी गेला, त्याचं नाही, मग त्याने सहा वर्षं केलेली असोत की सहा दिवस. मी चार महिने आधी गेले. नियम मला ठाऊक होता, सही करताना वाचलेला होता. जिना माझा. शिवाय विहिरीचा चौक आणि शेवटची गल्ली. पुरे.

कुत्रा पगारावर नव्हता, पण तो साहेबांचा होता.

ताई

---

८ जुलै

ताई,

रस्ता झाला, तोही वेळेत. मडक्यांचं दुकान उडवलं. गच्चीवर एक बाई लाल चादर वाळत घालते आणि वाऱ्याने ती हलत राहते. विहिरीपाशी उभं राहिलं की दिसते, गल्लीत शिरलं की जाते, वळलं की परत दिसते. बास, एवढंच. त्यांनी अठरा तारखेला ऑफिसात बोलावलंय, दिवसभरासाठी.

दुसरं. तू बाजारात गेलेली असताना मी मामीला फोन केला. मुद्दाम तीच वेळ साधली, कबूल करतो. विचारलं, ताईने ती नोकरी कंटाळा आला म्हणून सोडली? मामी म्हणाली, 'कंटाळा? ती हुंदके देत आली होती रे. यांना अर्धांगाचा झटका आला, कंपनीने तीन आठवड्यांची रजा दिली, चौथ्या आठवड्याला यायला सांगितलं. यांना तर उठवायला दोन माणसं लागत होती.'

मग मी बसून तारखा जुळवल्या.

तेव्हा तू मला फोन केला होतास. दोन महिन्यांसाठी ये म्हणालीस. मी 'रविवारी निघतो' म्हटलं आणि खरंच निघालो होतो, ताई. बस मध्ये थांबली तिथे तारेवरून डोंगरावर जाणारा पाळणा होता आणि तिकिटं फाडायला माणूस पाहिजे अशी पाटी. म्हटलं दोन दिवस बघू. पाच महिने राहिलो. मध्ये एकदा तुला फोन केला तर तू म्हणालीस, 'झालं सगळं, आता नको येऊस.' मी समजलो, सगळं नीट झालं. माझ्या सोयीचं तेच होतं.

तू नियमामुळे नाही गेलीस त्या यादीतून. माझ्यामुळे गेलीस.

मी अठराला विचारणार आहे त्यांना.

भिंगरी

---

११ जुलै

भिंगरीस,

विचारणार नाहीस.

तू आला नाहीस याचा मला राग आला होता आणि तो मी माझा मी गिळला. आता तू तो उकरून स्वतःच्या नावाने मिरवू नकोस. तुझ्या मनाला टोचतंय म्हणून माझं नाव घेऊन त्या खोलीत भांडशील, नोकरी घालवशील, आणि मग जन्मभर सांगत सुटशील की ताईसाठी घालवली. ते ओझं मला नको आहे. बाबांना उचलते तेवढं पुरे.

तुला तुझी म्हणून एक गोष्ट हवी झाली आहे, पहिल्यांदा. ती घे. कामाचं बोल आणि शेवटपर्यंत खुर्चीत बस.

चष्मेवाले आणि चपलावाले साहेब असे दोघे असतील. चष्मेवाले सिनियर डिझायनर, मी त्यांच्या हाताखाली होते. फारसं बोलत नाहीत, ते तू घाबरायचं कारण नाही. चपलावाले कंपनीचे मालक, ऑफिसात घरच्या चपला घालून फिरतात आणि त्यामुळे आपण साधे आहोत असं समजतात. ते गोड बोलतात, तिथे जरा जपून.

ताई

---

२० जुलै

ताई,

आधी सगळं वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

इमारतीचा चौथा मजला. दाराशी पुठ्ठ्याचं गाढव उभं आहे, माणसाच्या उंचीचं, एक कान पडलेला. आत सगळे कानाला हेडफोन लावून बसलेले. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त परीक्षेत पाहिली होती आणि तिथून मी उठून आलो होतो. इथे बसलो.

आधी माझा रस्ता एका मुलीला खेळायला दिला. तिने तो आधी पाहिलेला नव्हता आणि मला तोंड उघडायची बंदी. ताई, तू हे सांगितलं नव्हतंस. आपण केलेल्या गल्लीत दुसरं कोणी चुकत असताना हाताची घडी घालून उभं राहायचं म्हणजे काय ते. ती विहिरीला तीन फेऱ्या मारून गोठ्यात शिरली. मी ओठ चावला. मग चादर हलली, तिने मान वर केली आणि सरळ गेली. चार मिनिटं दहा सेकंद. मी चाळीस मजले चढल्यासारखा घामाघूम.

नंतर काचेच्या खोलीत तिघं. फोनवाल्या बाई, चष्मेवाले, चपलावाले. चपलावाल्यांनी विचारलं, आमच्या गेममध्ये काय आवडलं नाही? मी म्हटलं, दुसऱ्या भागातला बाजार. तीन दुकानांवर एकाच निळ्या रंगाचं छत आहे, माणूस गोल गोल फिरतो. मी पाऊण तास फिरलो. मग चष्मेवाले म्हणाले, 'तो मी केलाय.' मी म्हटलं, 'मग तुम्हाला माहीतच असेल.' ते हसले. म्हणजे माझ्या मते हसले, मिशी हलली.

मग फळ्यापाशी उभं केलं. म्हणाले, ही खोलीच एक लेव्हल समजा. दार उघडं आहे, पण खेळणाऱ्याने बाहेर जाऊ नये असं त्याला आतून वाटलं पाहिजे. काय कराल? मी दाराकडे बघितलं. मग म्हटलं, त्याच्यासमोर गरम चहा ठेवीन. गरम चहा टाकून कोण उठतो? तिघांनी आपापल्या कपाकडे बघितलं.

इतकं छान चाललं होतं, ताई. मला ते दिसत होतं. नोकरी समोर दिसत होती, आता हात लावला की माझी.

आणि चपलावाल्यांनी विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?

मी तुझं नाव घेणार नव्हतो. देवाशपथ. घरून कामाचे दोन प्रश्न पाठ करून आलो होतो. म्हटलं, 'सातव्या भागातला जिना कोणी केला?'

चपलावाले म्हणाले, 'टीमने.' चष्मेवाले टेबलाकडे बघत म्हणाले, 'एक मुलगी होती. आता नाही.'

'मग नाव का नाही तिचं?'

'आमची तशी पद्धत आहे,' चपलावाले म्हणाले. अगदी गोड. 'शेवटपर्यंत साथ देणाऱ्यांचा मान म्हणून.' मग माझ्याकडे नीट बघितलं. 'तुमची ओळख आहे का तिच्याशी?'

आता खोटं बोलायचं होतं. नाही जमलं. म्हटलं, 'मामेबहीण आहे.'

'तिने पाठवलं तुम्हाला हे विचारायला?'

'तिने दोनदा लेखी बजावलंय की विचारू नकोस.'

'मग का विचारताय?'

मी म्हटलं, 'माझ्यासाठी विचारतोय. मी आजवर नऊ ठिकाणी कामं केली आणि एकही धड शेवटाला नेलं नाही. इथे न्यायचं म्हणून आलोय. पण माझ्याही घरी माणसं आहेत. त्यातलं कोणी पडलं, तर मी केलेलं काम माझं राहतं की नाही, ते आधी कळलेलं बरं. तिला वडिलांना उचलायला दुसरा माणूस मिळाला असता तर ती गेली नसती. तो दुसरा माणूस मी होतो. मी गेलो नाही. त्याची भरपाई तुमच्याकडे मागत नाहीये, फक्त पद्धत विचारतोय.'

बाईंनी टायपिंग केलं नाही. चपलावाले म्हणाले, 'कळवू.' चष्मेवाले मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. दार बंद होताना म्हणाले, 'ती काय करते आता?'

मी म्हटलं, बेडकाचं हृदय काढते.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. तू म्हणालीस तेच मी केलं असतं तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं, साधारण दर दोन तासांनी. पण पुन्हा त्या खुर्चीत बसवलं तर पुन्हा विचारीन.

भिंगरी

---

३ ऑगस्ट

भिंगरीस,

चार दिवस तुझं पत्र उघडं टेबलावर होतं. रोज एक उत्तर लिहिलं आणि फाडलं. तुझ्या पाठीत रट्टा घालावा असं अजूनही वाटतंय, ते जागेवर ठेवून पुढचं सांगते.

चष्मेवाल्यांचा फोन आला. दोन वर्षांत पहिला. म्हणाले, गेमची सुधारलेली आवृत्ती निघतेय, तुझं नाव घालायला साहेब तयार झालेत, कसं लिहायचं ते कळव. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. बाबा खुर्चीतून सगळं ऐकत होते. म्हणाले, 'तुझं एकटीचंच?'

हा म्हातारा कुठे बोट ठेवेल नेम नाही.

मी आठवून बघितलं. माझ्यासारखे आणखी सात आहेत. एकीला सातवा महिना होता म्हणून गेली. गाढवाचा आवाज काढणारा मुलगा, त्याला काढलंच होतं. मी सगळ्यांचे फोन शोधले, बोलले, आणि चष्मेवाल्यांना कळवलं, की आठ नावं घाला, नाहीतर माझं नको. साहेबांनी आठही जणांना समोर येऊन बोलायला बोलावलंय. सोमवारी, अठरा ऑगस्ट, सकाळी दहाला.

मी जाणार नाही. आईच्या मनगटाला प्लास्टर आहे, ती बाबांना एकटीने हलवू शकत नाही, आणि रोजंदारीवर येणारी बाई गावाला गेली आहे. बाकीचे सात बोलतील. त्यांच्यात बोलणारं कोणी नाही हे खरं, सगळे भिडस्त, पण काय करणार.

हे तुला सांगतेय, बोलावत नाहीये. नीट वाच. तू 'येतो' म्हणालास तर मला पुन्हा विश्वास ठेवावा लागेल, आणि त्याची आता मला धाप लागते.

तुला काही कळवलं का त्यांनी?

ताई

---

१७ ऑगस्ट, बसमधून

ताई,

अक्षर वाकडं येतंय, रस्ता तसा आहे.

तुझ्या पत्राला उत्तर टाकलं नाही, कारण त्यात 'येतो' लिहावं लागलं असतं.

त्यांनी कळवलं. मला घेतलंय. सहा महिने बघणार आणि मग कायम. पत्रात चष्मेवाल्यांनी हाताने एक ओळ लिहिली आहे, 'बाजाराचं छत तुम्हीच बदला.' ते वाचून मी रूममेटला झोपेतून उठवलं. तो म्हणाला 'बरं' आणि परत झोपला.

रुजू व्हायची तारीख सोमवार, अठरा ऑगस्ट, सकाळी नऊ.

मी त्यांना लिहिलं, की घरी मामा आजारी आहेत, सोमवारी त्यांच्यापाशी थांबायला माझ्याशिवाय कोणी नाही, मी मंगळवारी रुजू होतो. तसदीबद्दल क्षमस्व वगैरे काही लिहिलं नाही. कारण खरं होतं, तेवढंच लिहिलं. हे गुरुवारी पाठवलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला, उत्तर नाही. येईल किंवा नाही येणार. मंगळवारी नऊला मी चौथ्या मजल्यावर असेन, पुढचं ते ठरवतील.

पाळण्याचा थांबा मघाशी गेला. ड्रायव्हरने चहासाठी वीस मिनिटं दिली होती. मी खाली उतरलो नाही. शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय रे, पाय दुखतात का? म्हटलं, हो.

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. तू वाचतेयस म्हणजे मी दारात उभा आहे, दार पुरतं उघड आणि पिशवी घे हातातली. उद्या तुला साडेसहाची बस पकडायची आहे, आज लवकर झोप. मामांना कुठल्या कुशीवरून उठवायचं, गोळ्या कुठल्या आणि कधी, खुर्चीचा ब्रेक कसा लावायचा, सगळं लिहून दे. तोंडी सांगू नकोस, मी मध्येच दुसरं काहीतरी बोलायला लागेन. या कागदाची मागची बाजू कोरी ठेवली आहे.

भिंगरी